देवगिरी, अजिंठा, वेरूळ : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी तीन दिवसांच्या डोंगरसहलीची आखणी

नांदेड, परभणी, लातूर किंवा बीडकडून छत्रपती संभाजीनगरला पहिल्यांदा फिरायला येणारी बहुतेक कुटुंबे एकच चूक करतात. देवगिरी, वेरूळ, खुलताबाद आणि जमल्यास अजिंठाही एकाच दिवसात उरकता येईल असे ती धरून चालतात. नकाशावर हे सोपे वाटते, कारण शहरापासून देवगिरीचा किल्ला सुमारे १५ किलोमीटरवर, तर वेरूळ सुमारे ३० किलोमीटरवर आहे. पण अजिंठ्याची लेणी शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर, ईशान्येकडच्या वेगळ्याच रस्त्यावर आहेत, आणि या सहलीत माणूस थकतो तो गाडीतल्या अंतराने नव्हे, तर पायऱ्यांनी आणि उन्हाने. म्हणून पुढची सगळी आखणी किलोमीटर न मोजता चढ, वार आणि सूर्य यांच्या हिशेबाने केली आहे.

ही सारी ठिकाणे सातमाळा-अजिंठा डोंगररांगेच्या परिसरात येतात, आणि त्यांचा दगडही एकच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून जो काळा पाषाण तयार झाला, तोच देवगिरीला शत्रू चढू नये म्हणून तासला गेला, वेरूळला वरून खाली कोरत नेऊन त्याचे मंदिर झाले आणि अजिंठ्याला नदीच्या कड्यात आत शिरून त्याचे विहार, म्हणजे भिक्षूंची निवासस्थाने, झाले. एवढे ध्यानात ठेवले तरी तिन्ही ठिकाणी काय पाहायचे हे निम्मे कळते.

आधी वार ठरवावा, मग तारीख

अजिंठा लेणी सोमवारी आणि वेरूळ लेणी मंगळवारी बंद असतात. वाचायला ही क्षुल्लक गोष्ट वाटते. परंतु आम्ही स्वतः पहिल्या खेपेस मंगळवारी वेरूळच्या फाटकाशी जाऊन उभे राहिलो होतो, आणि घृष्णेश्वराचे दर्शन तेवढे घेऊन परतलो होतो. ज्यांना सुट्टीला लागूनच यायचे आहे त्यांनी शनिवारी देवगिरी, रविवारी अजिंठा आणि सोमवारी वेरूळ असा क्रम धरावा, म्हणजे एकही दिवस वाया जात नाही. ज्यांना रजेची अडचण नाही त्यांनी बुधवार ते शुक्रवार यावे. सलग सुट्ट्या आणि श्रावणी सोमवार मात्र टाळावेत, कारण श्रावणात घृष्णेश्वराच्या गर्दीने वेरूळचा रस्ताच खोळंबतो.

ऋतूविषयी आमचे मत स्पष्ट आहे : सप्टेंबरची अखेर ते नोव्हेंबर हा काळ सर्वांत चांगला. पाऊस ओसरलेला असतो, डोंगर हिरवा असतो, ओढ्यांना पाणी असते आणि कातळावरचे शेवाळ वाळू लागलेले असते. डिसेंबर-जानेवारीत हवा सुखद असते. मात्र डोंगर पिवळा पडलेला असतो आणि धबधबे आटलेले असतात. ज्यांना धबधबेच पाहायचे आहेत त्यांनी भर पावसाळ्यात जरूर यावे, पण मग किल्ल्याचा चढ हा सहलीचा मुख्य भाग मानू नये. एप्रिल-मे महिन्यांत लहान मुले किंवा वृद्ध सोबत असतील तर येऊच नये. काळा दगड दुपारी इतका तापतो की लेण्यांच्या अंगणात अनवाणी पाऊल टाकवत नाही.

मुक्काम आणि प्रवास

मुक्काम तिन्ही रात्री शहरातच ठेवावा. रोज सामान बांधण्या-सोडण्यात सकाळचे जे दोन तास जातात, तेच या सहलीतले सर्वांत मोलाचे तास असतात. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरून येणाऱ्यांना रेल्वेस्थानकावर आणि इतरांना मध्यवर्ती बसस्थानकावर उतरल्यावर राहण्याची सोय जवळपासच मिळते. देवगिरी व वेरूळसाठी कन्नड-चाळीसगावकडे जाणाऱ्या एस. टी. गाड्या आणि अजिंठ्यासाठी सिल्लोडमार्गे जळगावकडे जाणाऱ्या गाड्या उपयोगी पडतात. चार-पाच माणसे असतील तर दिवसभरासाठी गाडी ठरवणे परवडते. परंतु ठरवतानाच चालकाला प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबणार हे स्पष्ट सांगावे. नाहीतर ‘पाच ठिकाणे दाखवतो’ असे म्हणणारा चालक शेवटी वस्त्रांच्या दुकानात दीड तास आणि किल्ल्यावर पाऊण तास असा हिशेब करतो. हिमरूचे विणलेले कापड आणि पैठणी साड्या पाहण्यासारख्या आहेतच, पण त्यांना संध्याकाळ राखून ठेवावी.

सामानात प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी, टोपी, चांगली पकड असलेले आणि सहज काढता-घालता येणारे बूट किंवा पादत्राणे, भरपूर चार्ज असलेली विजेरी आणि एक साधी काठी असावी. जेवणाचा डबा शहरातूनच न्यावा हे बरे. भाकरी, पिठले आणि ठेचा दुपारपर्यंत उत्तम टिकतात. उग्र अत्तर लावून जाऊ नये. कड्यांना आग्यामोहोळे लागलेली असतात, आणि उग्र वास, धूर किंवा आरडाओरडा यांनी माश्या उठतात. पोळे दिसताच त्याखाली न रेंगाळता गप्पपणे पुढे निघावे. वानरांच्या देखत पिशवी उघडू नये, हेही इथेच सांगून ठेवतो.

पहिला दिवस : देवगिरी

किल्ला सर्वांत आधी ठेवण्याचे कारण साधे आहे. पाय ताजे असताना चढ होऊन जातो आणि पुढच्या दोन दिवसांत दुखऱ्या पोटऱ्यांनी निदान सपाट वाटेवर चालावे लागते. फाटक उघडण्याच्या वेळेस पोहोचावे आणि दहाच्या आत माथा गाठण्याचा बेत ठेवावा. थांबत थांबत पाहायचे तर जाऊन-येऊन साडेतीन ते चार तास धरावेत.

बाराव्या शतकात यादवांनी येथे राजधानी केली, १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने रामचंद्रदेव यादवावर स्वारी केली, आणि १३२७ च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीहून राजधानी येथे हलवून या जागेला दौलताबाद हे नाव दिले. खिलजीच्या वेढ्याच्या वेळी धान्य म्हणून गडावर चढवलेल्या पोत्यांत मीठ निघाले आणि म्हणून रामचंद्रदेवाला तह करावा लागला, अशी कथा सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, चढण्यापूर्वी आपली पिशवी उघडून डबा आणि पाणी खरोखर आत आहे ना हे पाहून घ्यावे; वर काही मिळेल या भरवशावर राहू नये.

दरवाजातून आत शिरल्यावर एकदम वर धावण्याचा मोह होतो, तो आवरावा. सपाटीवरच्या भागात पाहण्यासारखे बरेच आहे. एकामागून एक येणारे दरवाजे सरळ रेषेत नाहीत, हे प्रथम पाहावे. धडक मारणाऱ्या हत्तीला धाव घ्यायला जागाच मिळू नये अशी त्यांची रचना आहे, आणि दरवाजांवरचे लोखंडी खिळेही त्यासाठीच. पुढे हत्ती हौद, सध्या भारतमाता मंदिर म्हणून ओळखली जाणारी खांबांची जुनी वास्तू आणि समोर बहमनी काळातला, पंधराव्या शतकातला चांद मिनार लागतो. मिनारावर चढू देत नाहीत. पण सहल संपेपर्यंत दिशा ओळखण्यासाठी तो उपयोगी पडतो. पुढे चिनी महाल आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा येथे औरंगजेबाच्या कैदेत होता. जवळच्या बुरुजावरची मेंढा तोफ जरूर पाहावी; तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचे मुंडके घडवलेले आहे.

येथून खरा किल्ला सुरू होतो. कातळ खोदून केलेल्या खंदकावरच्या पुलावर दोन मिनिटे थांबावे आणि समोरचा कडा नीट पाहावा : डोंगराचा खालचा भाग चहूबाजूंनी भिंतीसारखा उभा तासून काढलेला आहे, म्हणजे तटबंदी बांधण्याऐवजी डोंगरालाच तट केले आहे. पूल ओलांडला की अंधारी लागते. हा कातळातला वळणावळणांचा, पायऱ्यांचा भुयारी मार्ग आहे, आणि तेथे विजेरी लागतेच. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. वटवाघळांच्या विष्ठेचा वास येतो आणि जमीन ओलसर असते. लहान मुलांना मधे घ्यावे, एक हात भिंतीला ठेवावा, आणि समोरचा माणूस पुढे सरकल्यावरच पाऊल उचलावे. ज्यांना बंद जागेत जीव घाबरतो, दम्याचा त्रास आहे किंवा गुडघे साथ देत नाहीत, त्यांनी खंदकापाशीच थांबावे. तेथपर्यंतही किल्ला पुरेसा पाहून होतो आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

अंधारीतून बाहेर आल्यावर पायऱ्यांची मोठी चढण आहे. वाटेत गणपतीचे स्थान आहे, मग बारादरी नावाचा जुना महाल येतो आणि बारादरीच्या गच्चीवरून सारा परिसर दिसतो. बरेच जण येथूनच परततात. आमचा आग्रह आहे की, थोडे बसून, पाणी पिऊन माथ्यापर्यंत जावे. या गडाचे किल्लेदार असलेले जनार्दनस्वामी हे एकनाथांचे गुरू. गडावर त्यांची आठवण अजून जपली जाते. रात्रभर जागून हिशेबातली एका पैची चूक शोधणाऱ्या कोवळ्या एकनाथांची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. ती घडली ती जागा हीच, हे येथे आल्यावर एकदम ध्यानात येते.

उतरताना घाई करू नये, कारण पाय लटपटतात ते उतारावरच. दिवाळीच्या आसपास पायथ्याशी सीताफळांच्या टोपल्या लागलेल्या असतात. लगेच खायची आणि दोन दिवसांनी घरी न्यायची अशी वेगवेगळी मागून घ्यावीत. दुपारी विश्रांती घेऊन संध्याकाळी बीबी का मकबरा पाहावा, आणि अंगात त्राण उरले असेल तर त्यामागच्या टेकडीतली बौद्ध लेणीही पाहावीत. ही लेणी सहसा कोणी पाहत नाही. म्हणूनच तेथे शांतपणे बसता येते.

दुसरा दिवस : अजिंठा

या दिवशी पहाटे साडेसहालाच शहर सोडावे. फुलंब्री, सिल्लोड असा रस्ता आहे. एस. टी.ने जाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : अजिंठा गाव आणि अजिंठा लेणी एक नव्हेत. गाव घाटाच्या वर आहे. लेण्यांसाठी घाट उतरून फर्दापूरजवळच्या फाट्यावर उतरावे लागते. वाहकाला ‘लेणी फाटा’ असेच सांगावे. फाट्यापासून लेण्यांपर्यंतचे सुमारे चार किलोमीटर खाजगी वाहनाने जाता येत नाही. तेथे बसने जावे लागते. लेणी सकाळी नऊला उघडतात, आणि पहिल्या एक-दोन बसमध्ये जागा मिळाली तर पुढचा दिवस सोपा जातो. पायऱ्या चढू न शकणाऱ्यांसाठी डोलीवाले असतात. भाव आधी ठरवून घ्यावा.

वाघूर नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर, कड्याच्या मध्यावर ही ३० लेणी ओळीने कोरलेली आहेत. त्यांचे क्रमांक वाटेच्या सोयीने दिलेले आहेत, काळाप्रमाणे नाहीत, आणि नवख्यांचा गोंधळ येथेच होतो. सर्वांत जुनी लेणी मधल्या भागात आहेत : ९ आणि १० क्रमांकाचे चैत्य, म्हणजे स्तूप असलेली प्रार्थनागृहे, सातवाहन काळातले, तर बहुतेक इतर लेणी पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातली. सगळी गर्दी पहिल्या लेण्याच्या दारात अडकते. म्हणून आमचा सल्ला असा की, पहिले लेणे परतीसाठी ठेवून थेट नवव्या-दहाव्या लेण्यात जावे. दहाव्या लेण्यापाशी आठवावे की १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी येथे आला आणि त्यानंतर ही लेणी बाहेरच्या जगाला ठाऊक झाली. त्याने खांबावर खरडलेले नाव अजूनही दाखवतात. खांबावर नाव खरडण्याची आपल्याकडची खोड निदान साहेबापासून आलेली आहे, एवढेच समाधान.

तेथून १६ आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांत यावे. सोळावे लेणे हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने खोदवले, असे तेथील शिलालेखावरून कळते. सतराव्यात जातककथांची, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींची, चित्रे सर्वाधिक आहेत, आणि वेळ द्यायचा तो येथे. आत शिरल्यावर पहिली दोन मिनिटे काहीच दिसत नाही. तेवढ्यात कंटाळून लोक बाहेर पडतात. डोळे अंधाराला सरावू द्यावेत, एक भिंत निवडावी आणि तिच्यासमोर उभे राहावे. ही चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. माती, भुसा वगैरेंचा गिलावा देऊन, त्यावर पातळ चुना लावून, तो वाळल्यावर रंगवलेली आहेत. म्हणूनच ती श्वासाच्या दमटपणानेही बिघडतात. फ्लॅश वापरण्यास मनाई आहे, रंगीत लेण्यांत पादत्राणे बाहेर काढावी लागतात, आणि आत एका वेळी मोजकीच माणसे सोडतात. रांगेत उभे राहावे लागले तर तक्रार करू नये.

एकोणिसाव्या लेण्याचा दर्शनी भाग पाहून सव्विसाव्यात जावे. डाव्या भिंतीजवळ बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे सुमारे सात मीटर लांबीचे शिल्प आहे : वर स्वर्गस्थ गण, खाली शोक करणारे शिष्य. मग परतीच्या वाटेवर पहिले आणि दुसरे लेणे. पहिल्यातला पद्मपाणी, हाती कमळ घेतलेला बोधिसत्त्व, सर्वांना ठाऊक असतो. दुसऱ्याचे छत मात्र मान वर करून पाहायला विसरतात.

दुपारी नदीवरचा पूल ओलांडून समोरच्या डोंगरावरच्या व्ह्यू पॉइंटकडे चढता येते. चढ उन्हात अवघड जातो, म्हणून ज्यांच्याकडे स्वतःची गाडी आहे त्यांनी जाताना किंवा येताना अजिंठा गावाकडून रस्त्याने वर जावे. सारी लेणी एका नजरेत दिसतात ती येथूनच. पावसाळ्यात दरीच्या टोकाला सप्तकुंडाचा धबधबा कोसळतो. कुंडात उतरू नये. कातळ झिजून गुळगुळीत झालेला आहे आणि वरच्या डोंगरात पाऊस झाला की पाणी न सांगता वाढते.

तिसरा दिवस : वेरूळ, खुलताबाद, म्हैसमाळ

वेरूळची लेणी सकाळी लवकर उघडतात, याचा पूर्ण फायदा घ्यावा. येथे ३४ लेणी आहेत : १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. सर्वांचा पसारा सुमारे दोन किलोमीटरचा आहे आणि ती सारी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. कैलास, म्हणजे सोळावे लेणे, दोनदा पाहावे असे आमचे ठाम मत आहे. एकदा सकाळी, आवार रिकामे असताना. आणि पुन्हा दुपारी तीननंतर, पश्चिमेचे ऊन समोरून शिल्पांवर पडते तेव्हा. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद जागा डोंगरात खोदून, मधे सोडलेल्या कातळातून हे मंदिर कोरले गेले. ते रचलेले नाही, पोखरून काढलेले आहे; आणि काम शिखरापासून खाली आले. हे पटवून घ्यायचे असेल तर उजव्या बाजूने डोंगरावर जाणारी वाट खुली असल्यास वर जावे आणि मंडपाच्या छतावरचे कमळ आणि चार सिंह पाहावेत. कठड्याजवळ मुलांचा हात सोडू नये. खाली दक्षिणेच्या बाजूस कैलास हलवणारा रावण आहे; वर पार्वती घाबरून शंकराला बिलगलेली, आणि शंकर निवांत.

दोन कैलासदर्शनांच्या मधे दहावे लेणे, म्हणजे विश्वकर्मा किंवा ‘सुताराची झोपडी’, पाहावे. दगडी छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्या आहेत. बाराव्याचे तीन मजले आणि पंधराव्यातला दशावतार गुडघ्यांचा अंदाज घेऊनच पाहावेत. जैन लेणी लांब आहेत आणि तेथे वाहनाने जाणे बरे. बत्तिसाव्या लेण्यातली, इंद्रसभेतली, बारीक कलाकुसर आम्हाला नेहमी शेवटी थकल्यावर पाहावी लागली. आपण ती सकाळीच पाहावी. एकोणतिसाव्या, ‘सीतेची न्हाणी’ म्हणवणाऱ्या लेण्याशेजारी पावसाळ्यात धबधबा पडतो.

घृष्णेश्वराचे मंदिर लेण्यांपासून जवळच आहे. सोळाव्या शतकात मालोजीराजे भोसले यांनी आणि अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकर यांनी त्याचा जीर्णोद्धार केला. गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगाने जावे लागते, म्हणून बंडी-सदरा सहज काढता येईल असा असावा.

परतताना खुलताबादला थांबून भद्रा मारुतीचे दर्शन घेता येते. येथली मूर्ती निजलेली आहे. औरंगजेब आणि मलिक अंबर या दोघांच्याही कबरी याच गावात आहेत. वेळ आणि पाऊस दोन्ही असतील तर येथून सुमारे १२ किलोमीटरवरच्या म्हैसमाळला जावे. हे पठार समुद्रसपाटीपासून १,०६७ मीटर उंचीवर आहे आणि गिरिजादेवीचे मंदिर हे तेथले जुने स्थान. त्याला मराठवाड्याचे महाबळेश्वर म्हणतात; त्या नावाच्या अपेक्षेने गेलेला माणूस निराश होतो, पण ढगात बुडालेले माळरान आणि भाजलेले कणीस एवढ्यासाठी गेलेला खूश होऊन येतो. धुके असेल तर काळोख पडण्यापूर्वी खाली उतरावे.

चौथा दिवस हाती असेल तर कन्नडकडे वळावे. पितळखोऱ्याची लेणी दरीत उतरून पाहावी लागतात, म्हणजे चढ परतीला येतो, हे वेळ ठरवताना धरावे. ती अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांच्याच काळातली आहेत. दगड ठिसूळ असल्याने पडझड बरीच झाली आहे, पण ओट्यावरची हत्तींची रांग टिकून आहे. येथे सापडलेली, कृष्णदास नावाच्या सोनाराने घडवलेली यक्षमूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. शेजारचे गौताळा-औट्रम घाट अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झाले. आत जाण्यापूर्वी वनखात्याच्या नाक्यावर नोंद करावी आणि परतण्याची वेळ विचारून घ्यावी. या भागात मोबाईलला नेहमी रेंज मिळत नाही, म्हणून आपण कुठे जात आहोत आणि किती वाजेपर्यंत कन्नडला पोहोचू, हे घरी कळवूनच नाका ओलांडावा.